दक्षिण ठिपक्यावरचे पाच डाग

इनेस बाकाने सहा वर्षं नवरीमुलींचे तीळ पुसले होते. फ्लॅगस्टाफच्या स्टेशनसमोरच्या फोटो स्टुडिओत तिचं कामच ते. लग्नाचा फोटो धुऊन आला की हातात एअरब्रश घ्यायचा, म्हणजे पेनाएवढी शाईची पिचकारी, आणि गालावरचा तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं, नवरदेवाच्या कॉलरवरचा डाग असं सगळं हळुवार फवाऱ्याने नाहीसं करायचं. हात इतका हलका, की खुद्द नवरीला आपला तीळ कुठे होता ते सापडू नये.

त्या हातामुळेच तिला टेकडीवरच्या नकाशा कार्यालयात नोकरी लागली. आता फोटो माणसांचे नव्हते, मंगळाचे होते. यान तिथे पोचलं तेव्हा साऱ्या ग्रहावर धुळीचं वादळ उठलेलं. फोटोंत नुसतं धुकट करडेपण, आणि त्यात चार काळपट ठिपके. मग धूळ बसायला लागली, तसे ठिपके रुंदावत गेले आणि त्यांच्याखालून उतार निघाले. ठिपके कसले, ते ज्वालामुखींचे माथे होते. पृथ्वीवरचा कुठलाही डोंगर त्यांच्यापुढे वारूळ वाटावा एवढाले. त्यांची रीतसर नावं ठरायची होती तोवर कार्यालयात जो तो त्यांना उत्तर ठिपका, मधला ठिपका असंच म्हणायचा. इनेसच्या वाट्याला दक्षिण ठिपका आला. पायथा पावणेतीनशे मैल रुंद आणि माथ्यावरचं मुखच सत्तर मैलांचं.

यानाने वर्षभर पाठवलेले फोटो वेगवेगळ्या वेळचे, वेगवेगळ्या उन्हातले. ते शेजारी शेजारी लावले तर गोधडी दिसायची. इनेसने ते बघून पारदर्शक फिल्मवर सगळा डोंगर एकाच उन्हात काढायचा, आणि ते ऊन नेहमी डावीकडून यायचं. नकाशांचा नियमच तो. पाच महिने ती त्या एका डोंगरावर बसली होती.

मे महिन्यातल्या एका सकाळी हॉलिस क्रॅब तिच्या टेबलापाशी आला. हा कार्यालयातला भूगर्भशास्त्रज्ञ. चित्रकारांनी काढलेला प्रत्येक नकाशा छापायला जाण्याआधी त्याच्या नजरेखालून जायचा. माणूस उंच, आवाज मोठा, आणि बुटांवर कायम ज्वालामुखीची काळी राख, कारण शहराच्या पूर्वेकडच्या राखेच्या टेकड्या तो पंधरा वर्षं पालथ्या घालत होता.

त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सुंदर झालंय, इनेस. नुसता नवरीचा गाल. एवढ्या म्हाताऱ्या डोंगराला एक सुरकुती तरी ठेवायचीस!"

आजूबाजूचे हसले. इनेसही हसली. पण तो गेल्यावर तिचा हात थांबला.

कारण तिने डाग पुसले होते. काही पुसायचेच होते. यानाच्या कॅमेऱ्यात धुळीचे चार कण चिकटले होते, ते प्रत्येक फोटोत काळे उमटायचे. त्यांची यादीच दिलेली होती. पण ईशान्येच्या उतारावर तसेच दिसणारे आणखी काही डाग होते. ते यादीत आहेत की नाहीत हे न बघताच तिने विजेचं खोडरबर फिरवलं होतं आणि वरून फवारा मारला होता. कुणी सांगितलं नव्हतं. गाल दिसला आणि हात गेला.

तिने एक कोरी फिल्म घेतली. एका फोटोवर ठेवून सगळे डाग शाईने टिपले, आणि तीच फिल्म दुसऱ्या दिवशीच्या फोटोवर ठेवली. कॅमेऱ्यातली धूळ असेल तर डाग चौकटीत त्याच जागी असणार. जमिनीवरचं काही असेल तर कॅमेरा सरकला की तेही सरकणार.

चार डाग नेमके डागांवर बसले. पाच बसले नाहीत.

तिने फिल्म तिसऱ्या फोटोवर ठेवली. पुन्हा तेच. ते पाच डाग डोंगराबरोबर सरकत होते, एकामागे एक, सैल ओवलेल्या माळेसारखे. तिने पट्टीने मोजलं, नकाशाच्या प्रमाणाने गुणलं. सगळ्यात लहान डाग दीड मैलाचा. स्टेशन, लाकूड कापायची गिरणी आणि तिची लहानपणची शाळा मिळून एकात मावलं असतं. एवढं सगळं तिने पुसून टाकलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या धास्तीमागे लगेच दुसरी एक चुळबुळ उठली. हे आहे तरी काय?

ओपल व्हिटन चित्रकारांची प्रमुख. साठीला टेकलेली, चष्मा साखळीला बांधलेला, चंद्राच्या नकाशांपासून या खोलीत.

"ओपल, जरा येता का? माझ्याकडून घोळ झालाय."

"शाई सांडली?"

"शाई बरी. मी मंगळाचा तुकडा पुसला."

ओपलने चष्मा चढवला, फिल्म तीनदा फोटोंवर ठेवून बघितली. "तुला कुणी सांगितलं होतं पुसायला?"

"कुणी नाही. हात गेला."

"हात जातोच. म्हणून तर मानेवर डोकं दिलंय." मग तिने खुर्ची ओढली. "चंद्राच्या एका नकाशात मी आख्खी टेकडी खड्डा म्हणून काढली होती. छापून आली. अजून ग्रंथालयात आहे आणि कोपऱ्यात माझं नाव आहे. तीन आठवड्यांनी हा नकाशा छापायला जायचाय. परत काढ."

"पण काढू काय? डाग म्हणून काढू, टेकडी काढू, की भोक काढू? ऊन डावीकडून. टेकडी असेल तर डावी बाजू उजळायची, खड्डा असेल तर उजवी. या फोटोंत दोन्ही बाजू सारख्याच काळ्या आहेत."

"मग आधी ते शोध," ओपल उठत म्हणाली. "आणि हॉलिसला तूच सांग. मला त्याचा आवाज सहन होत नाही."

हॉलिसचा आवाज झालाच, पण आनंदाचा. "एका ओळीत पाच? अगं, राखेच्या टेकड्या आहेत त्या! खिडकीतून बघ की. मोठ्या ज्वालामुखीच्या कुशीला अशी पिल्लं असतातच."

"मग सावली कुठाय?"

"फोटो दुपारचे आहेत. सूर्य जवळजवळ डोक्यावर. सावली कुठून आणू?"

"तसं असेल तर खड्डे नाहीत कशावरून?"

"पंधरा वर्षांच्या पायपिटीवरून, बाईसाहेब. काढ टेकड्या, मी सही करतो."

सही मिळत होती. कुणी दुसरी असती तर त्या दुपारीच पाच टेकड्या काढून मोकळी झाली असती. पण इनेसला त्या टेकड्या पटेनात. तिने कच्च्या कागदावर काढून पाहिल्या, छान दिसल्या, आणि छान दिसल्या म्हणूनच तिला त्यांचा भरवसा वाटेना.

रविवारी ती रुळांपलीकडे सेलेदोनिओकाकांकडे जेवायला गेली. त्यांना ती तीओच म्हणायची. म्हाताऱ्याने चाळीस वर्षं जंगलात लाकूड तोडलेलं. आता बोटं तीन कमी आणि गप्पा तिप्पट. जेवणात राजमा, हिरव्या मिरचीचं मटण आणि काकूच्या हातच्या गरम तोर्तिया पोळ्या. ताटं उचलल्यावर इनेसने पिशवीतून फोटो काढला.

"तीओ, हे बघून काय वाटतं?"

त्यांनी फोटो हात लांब करून धरला. "कुठलंय?"

"आधी सांगा तर."

"गाई पडतात यात," ते म्हणाले.

काकू आतून ओरडली, "तुम्हाला सगळीकडे गाईच दिसतात!"

"तू गप गं. मिहा, पोरी, वायव्येच्या जंगलात अशी तीन भोकं आहेत, ओळीने. आमच्या मुकादमाची गाभण गाय त्यातल्या मधल्यात गेली. दोर लावून काढली आम्ही. जून महिना, आणि आतून असा गार वारा यायचा की दात वाजावेत. खाली उतरलो तर बर्फ! मग काय, उन्हाळाभर आमची बीअर तिथल्याच बर्फात गार व्हायची."

"पण ओळीने का, तीओ?"

"खाली पोकळ आहे म्हणून. वरचं छत जिथे कच्चं, तिथे ते बसलं. मी एका भोकातून शिरून दुसऱ्यातून निघालोय."

इनेसने फोटो परत घेतला आणि पाचही डागांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "शनिवारी दाखवाल? एकाला बरोबर आणते. मोठ्याने बोलतो, पण माणूस चांगला आहे."

शनिवारी हॉलिसच्या जीपमधून तिघं निघाले. तीओ पुढे बसून वाट दाखवत होते. इथे वळ, त्या जळक्या झाडापाशी, नाही, पुढच्या. पाइनच्या सुया पसरलेल्या सपाट जमिनीत अचानक पहिलं भोक आलं. मग साठ पावलांवर दुसरं, मग तिसरं.

हॉलिस काठावर बसला. "सेलेदोनिओ, हे काय आहे ते मला माहितीये. लाव्हा वाहताना वरचा थर गोठतो, आतला वाहून जातो, नळी उरते. पण ही नळी तीस फुटांची. हिच्या फोटोतला डाग दीड मैलाचा आहे. एवढं छत कुठल्या नळीवर टिकेल?"

"तिथला लाव्हा मोठा असेल."

"कितीही मोठा असला तरी!"

"मी लाकूडतोड्या माणूस," तीओ सिगारेट वळत म्हणाले. "मला एवढंच कळतं, की खाली जागा असल्याशिवाय जमीन खाली जात नाही. आता ती जागा कुणी केली, लाव्ह्याने की सैतानाने, ते तुम्ही शोधा. पगार तुम्हाला मिळतो."

हॉलिसने एक खडा भोकात टाकून पाहिला. तीओंनी वळलेली सिगारेट त्यालाच दिली.

इनेसचं दोघांकडे लक्षच नव्हतं. ती मधल्या भोकाच्या काठावर वही घेऊन बसली होती. संध्याकाळचे सहा वाजले होते, ऊन पश्चिमेकडून येत होतं. भोकाची पश्चिमेकडची भिंत काळी, समोरची पूर्वेची सोन्यासारखी उजळलेली. तिने नुसत्या काळ्या-करड्या छटा उतरवल्या, आणि दर पंधरा मिनिटांनी तेच चित्र पुन्हा काढलं. तिसऱ्या चित्राला तिच्या लक्षात आलं, की सावली वाढते आहे, पण काठ ओलांडत नाही. वाटीत दूध चढावं तशी आतल्या आतच चढते. मग तिने मान वळवून मागच्या राखेच्या टेकडीकडे पाहिलं. तिची सावली पायथा सोडून लांब जमिनीवर पडली होती, शेपटासारखी टोकदार.

आयुष्यभर बघितलेलीच गोष्ट, पण अशी कधी बघितली नव्हती. खड्ड्याची सावली घरात राहते, टेकडीची बाहेर भटकते. तिने वहीत हे लिहून खाली दोन रेघा मारल्या.

म्हणजे आता तिला तिरप्या उन्हातला एक फोटो हवा होता. सोमवारी ती फोटोंच्या कोठारात गेली आणि त्या उतारावरून यान जेवढ्या वेळा गेलं तेवढी सगळी नोंद काढायला लावली. अकरा फोटो निघाले. नऊ दुपारचे. दहावा कोरा. अकरावा तिरप्या उन्हातला, पण त्यापुढे 'खराब' असा शेरा होता. पाठवताना मध्येच संदेश तुटला आणि अर्ध्या फोटोवर नुसत्या पांढऱ्या रेघा आल्या होत्या. म्हणून तो कुणी छापूनही घेतला नव्हता.

"मला तोच हवाय," इनेस म्हणाली.

बुधवारी छापील प्रत आली. तिने पाकीट फोडलं तेव्हा ओपल आणि हॉलिस दोघंही पाठीशी उभे होते. उजवा अर्धा भाग रेघांनी खाल्लेला. पण डाव्या अर्ध्यात ऊन अगदी तिरपं होतं, आणि त्यात पाचांपैकी तीन जण स्वच्छ दिसत होते. एक बाजू लख्ख, एक बाजू काळी.

डावी लख्ख. उजवी काळी.

"टेकड्या!" हॉलिसने टेबलावर थाप मारली. "काय सांगत होतो मी? बघ, कशा फुगून वर आल्यात!"

इनेसलाही त्या तशाच दिसल्या. तीन गोल, गुबगुबीत टेकड्या, फोटोवरून बोट फिरवलं तर बोटाला लागतील अशा. ती खट्टू झाली. म्हणजे तीओंची भोकं जंगलातच राहिली. ओपल तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "चला, निदान कळलं तरी."

पण इनेसची नजर हलेना. काहीतरी टोचत होतं. या टेकड्यांना शेपूट का नाही? ऊन एवढं तिरपं, मग सावली बाहेर का पडली नाही? काळा भाग गोलाच्या आतच होता, काठाशी नीट वळून थांबलेला.

तिने फोटोच्या मागे चिकटवलेली चिठ्ठी पाहिली. प्रत्येक फोटोला अशी चिठ्ठी असायची: तारीख, वेळ, सूर्य कुठे, किती वर. तिने ती एकदा वाचली. परत वाचली.

"हॉलिस, हा सकाळचा फोटो आहे."

"असू दे की."

"सूर्य पूर्वेला आहे. उजवीकडे." तिचा आवाज जरा चढला. "आपण दिवसभर डावीकडचं ऊन बघतो, म्हणून डोळ्यांनी इथेही तेच धरलं. ऊन उजवीकडून येतंय आणि उजळलीय डावी बाजू. टेकडीची डावी कशी उजळेल?"

कुणी काही बोलायच्या आत तिने फोटो टेबलावर गर्रकन उलटा फिरवला. वरची बाजू खाली, म्हणजे ऊन डोळ्यांच्या सवयीप्रमाणे डावीकडून.

आणि तिघांच्या डोळ्यांदेखत टेकड्या आत गेल्या. जागच्या जागी, एका क्षणात, जणू खालून कुणी ओढून घेतल्या. तीन खोल भोकं, एका बाजूला अंधाराने भरलेली.

हॉलिसने एक सणसणीत शिवी हासडली, मग ओपलकडे बघून माफी मागितली. फोटो स्वतः फिरवला. टेकड्या. पुन्हा फिरवला. भोकं. आणखी दोनदा केलं. लहान मूल दिव्याचं बटण दाबत बसतं, तसं.

"पंधरा वर्षं," तो शेवटी पुटपुटला. मग खुर्ची ओढून बसला आणि इनेसने कधी ऐकला नव्हता एवढ्या हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, पण मग हे आहे काय? दीड मैलाची जमीन गेली कुठे? तुझा काका म्हणतो तशी खाली जागा असणार. पण नळी नाही ही. डोंगरच ताणून फाटला असेल का? आत भेग, आणि वरचं तिच्यात ओतलं गेलं?" जेवायची सुट्टी झाली तरी तो तिथेच होता, तिच्या कच्च्या कागदांच्या पाठीवर भेगा काढत.

दुसऱ्या दिवशी भांडण निघालं, आणि ते वेगळंच निघालं. आता हॉलिसला पाचही भोकंच हवी होती.

"तीन भोकं आहेत, एका ओळीत आहेत. उरलेली दोन दुसरं काय असणार?"

"ती दोन्ही रेघांच्या भागात गेलीत. मला दिसली नाहीत."

"मला दिसायची गरज नाही, मला कळतंय!"

"काल तुम्हाला टेकड्या कळत होत्या," इनेस म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकला. हॉलिस लाल झाला. ओपल आपल्या टेबलावरून मान वर न करता म्हणाली, "नकाशा इनेसचा आहे. ती म्हणेल तसं जाईल."

इनेसने चार दिवस घेतले. खोडरबराने उतारावरचा स्वतःचाच गुळगुळीत फवारा उतरवला आणि तीन भोकं काढली, डावीकडची भिंत काळी, उजवीकडची उजळ, काळोख काठाच्या आत. उरलेल्या दोघांसाठी तिने नुसती करडी छटा दिली. उजेड नाही, सावली नाही. बघणाऱ्याला कळावं, की इथे काहीतरी आहे आणि ते काय आहे हे आम्हाला ठाऊक नाही. असं अर्धवट काहीतरी मुद्दाम कागदावर ठेवताना सहा वर्षं तीळ पुसलेला तिचा हात फार वळवळला. पण ठेवलं. हॉलिसने कुरकुरत सही केली आणि आपल्या टिपणात लिहिलं: 'खोल विवरं, कारण अज्ञात.'

नकाशा ठरल्या दिवशी छापायला गेला.

तीन वर्षांनी मंगळाभोवती दुसरं यान फिरू लागलं. त्याचा कॅमेरा पहिल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. दक्षिण ठिपक्याचे फोटो यायला आणखी काही महिने गेले, आणि ज्या दिवशी आले त्या दिवशी हॉलिस पाकीट घेऊन जवळजवळ पळतच खोलीत शिरला. ओपल तोवर निवृत्त झाली होती. तिच्या टेबलावर आता इनेस बसायची.

तीन भोकं होती तिथेच होती, कड्यांसकट, तळाशी पडलेल्या दगडमातीसकट. चौथा डागही भोकच निघाला. हॉलिसने तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्याची तीन वर्षांची थकबाकी वसूल झाली.

"पाचवा?" तिने विचारलं.

दोघांनी भिंग लावून शोधला. जिथे पाचवा डाग होता तिथे काहीच नव्हतं. साधा, स्वच्छ उतार. टेकडी नाही, भोक नाही, खळगासुद्धा नाही.

"पुसलास ना परत?" हॉलिस म्हणाला.

"देवाशपथ, मी नाही."

मग तिला हसू फुटलं. शेजारच्या फोटोत, थोडं पुढे, काळ्या धुळीचा एक फराटा उताराला धरून गेलेला दिसत होता. पाचवा डाग म्हणजे नुसती साचलेली धूळ. तीन वर्षांत वाऱ्याने ती उचलून दुसरीकडे नेली होती. टेकडी काढली असती तरी चूक, भोक काढलं असतं तरी चूकच.

"बघा, वारासुद्धा एअरब्रश चालवतो," ती म्हणाली, आणि हॉलिस एवढा मोठ्याने हसला की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी दार लावून घेतलं.

नव्या फोटोत आणखी एक गोष्ट होती. जुन्या कॅमेऱ्याला न दिसलेली बारकी भोकं, चौथ्याच्या पुढे, एकाला एक लागून, उतारावरून खाली मैदानाकडे निघालेली. इनेसने टोकदार पेन्सिल घेतली आणि प्रत्येकाशेजारी बारीक आकडा घालत निघाली. हॉलिस शेजारी बसून मोठ्याने मोजत होता आणि मध्येच चुकत होता. जेवायच्या सुट्टीपर्यंत सत्तावीस झाली, आणि फोटोची कड अजून लांब होती.